पूर्ण म्हणणारी बाई

११ जानेवारी

धाकट्या,

सात वर्षांनी माझ्या नावानं तुझं पत्र आलं आणि त्यात साधा सलामही नाही. मग मीही घालत नाही. फिटंफाट.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. नाही, मी आईला भरीस घातलेलं नाही. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, बाथरूमला जातानाही भिंत धरते; तिला बाप्तिस्म्याच्या टाकीत उतरवून मला काय मिळणार आहे? मी शाळेच्या गणवेशाची काजं करत बसले होते. ती समोर चहा पीत होती. बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला तुमच्यातला बाप्तिस्मा घ्यायचाय. पाण्यात बुडून." सुई माझ्या बोटात गेली. मी विचारलं, का? तर म्हणाली, घ्यायचाय म्हणून. तुला माहीतच आहे, आईला सांगायचं नसलं की ती असंच बोलते.

आता माझा प्रश्न. तुला कळलं कसं? तिनं मला सांगितलं सोमवारी आणि तुझं रागाचं पत्र आलं गुरुवारी. पत्राला तुझ्याकडून इथं यायला चार दिवस लागतात. म्हणजे तिनं तुला माझ्या आधी कळवलं. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर, तिथवर तिला एकटीला जाता येत नाही, मग पत्र टाकलं कुणी? शेजारणीला विचारलं तर ती कुंडीतली पानं खुडायला लागली. कुठंतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठं हे मी शोधून काढणार.

तू लिहितोस, आम्ही पाण्याच्या मापावरून भांडतो, तुमचा पेला आणि आमची टाकी. एकोणीस वर्षं झाली तरी तुझ्या डोक्यात शिरत नाही. माप नाही रे. तुमच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी शिंपडलं की झाला बाप्तिस्मा. बाळ झोपलेलं असतं, हो म्हणतात आईबाप. आमच्यात माणूस स्वतःच्या तोंडानं हो म्हणतो आणि मग सगळाच्या सगळा पाण्याखाली जातो, जुना माणूस पुरून नवा वर येतो तसा. तू विचारतोस, लेकराला दूध पाजताना कुणी त्याची संमती घेतं का. चांगलं सुचलंय, औषधाच्या दुकानात बसून दुसरं काय सुचणार. पण दूध वेगळं आणि वचन वेगळं.

आईला मी तुझ्याकडून पळवून आणलं, हेही पुन्हा लिहिलंस. ती गुडघ्याच्या ऑपरेशनला आली आणि राहिली. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हा माझा गुन्हा नव्हे.

ताई

२३ जानेवारी

धाकट्या,

बाप्तिस्मा येत्या रविवारी आहे. "तू साक्षीदार असशील तर आईला निदान बुडू तरी देणार नाहीस," असं तू लिहिलंस, ते टोमणा म्हणून की काळजी म्हणून, मला कळलं नाही. मी टोमणा धरून चालले आहे.

साक्षीदार मीच आहे. आमच्या व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली टाकी आहे, चार पायऱ्यांची. पाळकसाहेब आत उतरतात, माणसाला पाठीवर आडवं करतात आणि प्रार्थना म्हणत डोळे वर ठेवतात. बघायचं काम दोन साक्षीदारांचं. एक ह्या काठाला, एक त्या काठाला. केस, बोट, झग्याचा कोपरा, काहीही पाण्यावर राहिलं तर साक्षीदार गप्प राहतो आणि सगळं पहिल्यापासून. सगळं खाली गेलं तर दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, पूर्ण. मी चौदा वर्षं म्हणतेय. मंडळीत मला मागून चाळणी म्हणतात, मला ठाऊक आहे. बेकरीवाल्याचा गुडघा दोनदा वर आला, मी त्याला तीनदा बुडवायला लावलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. पण त्याला स्वतःच्या बाप्तिस्म्याबद्दल कधी शंका येणार नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

झगेही मीच शिवते. कापडात हवा भरली की ते फुगून वर येतं, म्हणून पडद्याच्या काठात घालतात ते शिशाचे तुकडे मी झग्याच्या घेरात घालते. आईचा झगा शिवताना ती समोर बसून होती आणि एकेक प्रश्न विचारत होती. पाण्याखाली किती वेळ? पाळकसाहेब खरंच वर बघतात का? तोंडावर रुमाल धरतात तो केवढा? आणि तू कुठल्या बाजूला उभी राहतेस? मी म्हटलं, डावीकडं. ती म्हणाली, उजवीकडं राहा ना. कशाला, तर म्हणे उजेड बरा असतो. उजेड दोन्हीकडं सारखाच आहे.

शिवाय ती मानेचा व्यायाम करते. बिछान्यावर आडवी होऊन हनुवटी छातीला टेकवते, मनात आकडे मोजते, सोडते, परत टेकवते. मान आखडली म्हणे. एक्क्याऐंशी वर्षं नाही आखडली ती आत्ताच बरी आखडली.

आणि तुझं पत्र. तिला आलेलं, मला आलेलं नव्हे. ते तिनं बाथरूममध्ये कडी लावून वाचलं. घरात दोनच माणसं, त्यांत एक कडी लावून पत्र वाचतंय, ह्याचा अर्थ दुसऱ्यानं काय काढायचा? मी सांगते मला काय वाटतं. तू तिला शिकवून ठेवलंयस. ती चार पायऱ्या उतरेल, पाचशे माणसांसमोर मागं वळेल आणि म्हणेल, मला नको, माझा बाप्तिस्मा झालेला आहे. मग मंडळी माझ्याकडं बघेल आणि तू तिकडं गालातल्या गालात हसशील. असं काही असेल तर आत्ताच सांग. मी सुतावरून स्वर्ग गाठते असं बाबा म्हणायचे, पण सुताशी ज्याचा रोजचा संबंध त्याला सूत कुठं जातं हे कळतं.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. आई हे का करते आहे, ते मला माहीत नाही असं मी म्हटलं. थोडं माहीत आहे. आमच्यात प्रभुभोजनाचं ताट बुडवून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच मिळतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकावरून हातोहात पुढं जातं. आई माझ्या शेजारी बसते. सहा वर्षं मी तिच्या मांडीवरून ताट पलीकडच्या बाईकडं देते. नियम मी केलेला नाही.

ताई

३१ जानेवारी

धाकट्या,

काल बाप्तिस्मा झाला. पाणी कोमट केलं होतं. आई चारही पायऱ्या धीटपणे उतरली, "हो" मोठ्यानं म्हणाली. दोन्ही साक्षीदारांनी पूर्ण म्हटलं. तिला लगेच कोरडं केलं, गरम कपडे घातले. शिंक नाही, खोकला नाही.

एवढंच.

ताई

१० फेब्रुवारी

धाकट्या,

"ताई, तू लपवत असलीस की थोडक्यात लिहितेस." हे तुझं एक वाक्य दोन दिवस माझ्या मशीनवर पडून आहे. लहानपणापासून तुझ्यासमोर मला धड खोटं बोलता आलं नाही, म्हणूनच तर तुझ्याशी बोलणं टाकलं.

आधी लहान गुन्हा. तुझं आईला आलेलं पुढचं पत्र मी फोडलं. इस्त्रीच्या वाफेवर पाकीट धरलं की डिंक सुटतो आणि परत चिकटवता येतो. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मला वाटलं, आता सगळा कट हातात येईल. तर तू काय लिहिलं होतंस? गुडघ्याला शेक दे. दुकानाचं छत गळतंय. बायकोच्या भावाचं लग्न ठरलं. आणि शेवटी, "ताईच्या उजव्या डोळ्याचं काय झालं? दाखवून घ्यायला सांग, ती स्वतःहून जायची नाही." मी तीनदा वाचलं. ओळींच्या मध्ये वाचलं, उजेडासमोर धरून वाचलं. दुसरं काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी पाकीट चिकटवलं आणि आईच्या उशाशी ठेवलं. माझा डोळा तसाच आहे, मोतीबिंदू पिकायचाय म्हणतात.

आता मोठा गुन्हा. हे वाचून झालं की पत्र फाड.

मी उजवीकडं उभी राहिले, आईनं सांगितलं तिथं. उजवा डोळा अंधुक म्हणून मान वळवून डाव्यानं बघत होते. पाळकसाहेबांनी तिला आडवं केलं, रुमाल नाकातोंडावर धरला. झगा खाली गेला, शिशानं चोख काम केलं. हात गेले, खांदे गेले, रुमाल गेला, डोळे गेले. आणि आईनं हनुवटी छातीला टेकवली. तिचं कपाळ पाण्यावर राहिलं. भुवयांपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत, चार बोटं, कोरडं. चुकून नाही. मान थरथरत होती इतका जोर लावून तिनं ते वर धरलं होतं.

मी गप्प राहायला हवं होतं. चौदा वर्षांत डझनभर वेळा गप्प राहिलेय. माझ्या तोंडून आलं, पूर्ण. समोरच्या काठावरून दुसरा साक्षीदार, आमचा घड्याळजी, म्हणाला, पूर्ण.

गेल्या रविवारी, महिन्याच्या पहिल्या, ताट आलं. मी आईसमोर धरलं. तिनं तुकडा घेतला, माझ्याकडं बघितलं, खाल्ला. मी माझा तुकडा तोंडात ठेवला आणि ताट पलीकडच्या बाईकडं दिलं.

मंगळवारी घड्याळजी माझ्या शिलाईच्या दुकानात आला, बाही उसवली म्हणून. बाही उसवलेली नव्हती, त्यानं उसवून आणली होती, मला टाका ओळखता येतो. बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला की आई वर आल्या तेव्हा त्यांच्या पुढच्या बटा कोरड्या उडत होत्या. मी म्हटलं, तुम्ही पूर्ण म्हणालात की. तो म्हणाला, "मी तुमच्या तोंडाकडं बघून म्हणालो. मी नेहमी तुमच्याकडंच बघतो. तुम्ही असताना पाण्याकडं कशाला बघायचं?"

चौदा वर्षं, धाकट्या. दोन साक्षीदार म्हणजे मी एकटीच होते.

ताई

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी तार वाचली. "गप्प राहा. आईला ताट मिळू दे." तू, जो बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता दोन मिनिटं उशिरा आली तर चर्चच्या नोंदवहीत तेही लिहितो, तो मला खोटी साक्ष टिकवायला सांगतोस. मला आधी वाटलं ह्यात काही डाव आहे. ताई आयुष्यभर खोट्यात अडकलेली बरी, असा. मग वाटलं, नाही, त्याला आईची काळजी आहे. दोन्हींमधलं काय खरं ते ठरवता येत नाही. संशयाची सवय लागली की चांगली गोष्टही आधी उलटीकडून बघितली जाते, कापड बघतात तशी.

गप्प राहणं आता माझ्या हातात नाही. घड्याळजी पाळकसाहेबांकडं जाऊन आला. माणूस वाईट नाही, त्याला झोप लागेना. पाळकसाहेबांनी निरोप पाठवलाय की वीस तारखेला उपासनेनंतर दोन्ही साक्षीदारांनी मंडळीसमोर पुन्हा साक्ष द्यावी. पूर्ण म्हटलं तर प्रश्न मिटला. नाही म्हटलं तर आईला परत टाकीत उतरावं लागेल, नाहीतर तिचं नाव वहीतून निघेल आणि ताट बंद.

मग मी आईला विचारलं. ती मटारचे दाणे काढत होती. मी सरळच म्हटलं, तू कपाळ मुद्दाम वर ठेवलंस.

"दिसलं होय तुला?" ती म्हणाली. "मला वाटलं, त्या डोळ्यानं दिसायचं नाही."

मी विचारलं, कुणी शिकवलं? धाकट्यानं? तिला हसू आलं. म्हणाली, त्या बिचाऱ्याला मी फक्त बुडणार एवढं कळवलं होतं, त्यावरच तो चार दिवस जेवला नाही. पत्र शेजारणीनं टाकलं. कडी लावून का वाचलंस, तर म्हणे तू खांद्यावरून वाचतेस म्हणून.

मग तिनं दाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. पुढचं जसंच्या तसं लिहिते.

"मी सोळा दिवसांची होते आणि अंगात ताप होता. ही आज जाते की उद्या, असं लोक म्हणत होते. माझ्या आईला बाळंतपणानं उभं राहवत नव्हतं. तरी ती मला छातीशी धरून चर्चपर्यंत चालत गेली, रस्त्यात तीनदा बसली आणि माझ्या कपाळावर पाणी घेतलं. आता मी डोकं बुडवलं तर तिला काय सांगितल्यासारखं होईल? की आई, तुझी पायपीट फुकट गेली. ते मी सांगणार नाही."

"मग टाकीत उतरलीस कशाला?"

"तू ताट माझ्यावरून पलीकडं देतेस ना, तेव्हा तोंड दुसरीकडं फिरवतेस. सहा वर्षं बघतेय. म्हटलं, होऊ दे हिच्या मनासारखं. कपाळ तेवढं माझ्या आईचं. बाकीची सगळी मी तुझी."

मी म्हटलं, आई, बाप्तिस्मा असा वाटून घेता येत नाही. ती म्हणाली, तुम्ही दोघांनी मला वाटून घेतलंच आहे की. आणि मग तिनं विचारलं, "पण तुला दिसलं होतं, तर तू गप्प का नाही राहिलीस?"

मी उठले. मशीनवर जाऊन बसले आणि एक बाही उलटी जोडली.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

काल झालं ते तुला कुणी दुसऱ्यानं सांगायच्या आत मीच लिहिते.

घड्याळजीनं आधी सांगितलं की त्यानं पाण्याकडं पाहिलंच नव्हतं. लोक हसले, तो लाल झाला. मग मी उठले. मी म्हटलं, माझ्या आईचं कपाळ बुडालं नाही. ते मला स्वच्छ दिसत होतं आणि मी पूर्ण म्हणाले. बेकरीवाला पुढच्या बाकावर होता. त्याच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा आनंद दिसला नाही, तो खाली बघत होता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "म्हणजे अपूर्ण?"

मी घरून ठरवून गेले होते की हो म्हणायचं आणि बसायचं. पण आई मागच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मला हो म्हणवेना. मी म्हटलं, नाही. जेवढं राहिलं तेवढ्यावर एक्क्याऐंशी वर्षांपूर्वी पाणी पडलेलं आहे. एक बाई आजारी अंगानं ते घ्यायला चालत गेली होती. ते पाणी नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पाळकसाहेब रागावले नाहीत. ते फार हळू बोलले. "ताई, ते पाणी बाप्तिस्मा असेल तर तुमच्याही कपाळावर तेच होतं. मग तुम्ही आमच्या टाकीत कशासाठी उतरलात?"

मी खाली बसले.

निकाल असा झाला. साक्षीदार म्हणून माझं काम संपलं. झगे शिवायला हरकत नाही म्हणाले. आईला पुन्हा उतरायला सांगितलं, ती नाही म्हणाली, तिचं नाव वहीतून काढलं. येत्या पहिल्या रविवारी ताट परत आमच्या बाकावर येईल. ते मी तिच्यावरून पलीकडं देणार नाही. बाकावर माझ्या अलीकडं बसणारीला सांगितलंय, तू आमच्या दोघींच्या मागून दे. आईला मिळणार नसेल तर मीही घेणार नाही. आई म्हणाली, वेडी आहेस. म्हटलं, असू दे.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. पूर्ण का म्हणाले. हे मी तिला सांगू शकले नाही, कारण तिला ती संध्याकाळ माहीत नाही, ती शेजारी गेली होती. तुला माहीत आहे. तू दारात उभा होतास, एक बूट पायात आणि एक हातात. गेली एकोणीस वर्षं आपण सगळ्यावर भांडलो, त्या संध्याकाळवर कधी बोललो नाही. बाबांना पुरलं त्या दिवशी तू बोलशील ह्या भीतीनंच मी तुझ्याशी भांडण उकरून काढलं.

मी टाकीतून नुकती घरी आले होते, केस ओले होते. बाबांनी विचारलं, हे काय, तुझा बाप्तिस्मा झालाय ना? मी अंगात वारं भरल्यासारखी होते. मी म्हटलं, "माझा बाप्तिस्मा कधी झालाच नव्हता, बाबा. कपाळ ओलं झालं होतं, एवढंच." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग त्या दिवशी मी कुणाला घेऊन गेलो होतो?"

मी टॉवेल घेऊन आत गेले. त्यानंतर ते बारा वर्षं जगले. माझ्याशी हवेवर बोलले, शिलाईवर बोलले, हे पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ते रागावलेत. मला वाटायचं, त्यांनी तुला माझ्याविरुद्ध केलं. चर्चच्या नोंदवहीतलं माझं नाव खोडलं असेल, असंही वाटायचं. ते नुसते उत्तराची वाट बघत असतील, हे कधी मनात आलं नाही. त्या दिवशी टाकीच्या काठावर आईचं कपाळ बघितलं आणि मला त्यांचा चष्मा काढलेला चेहरा दिसला. मला पुन्हा तेच म्हणायचं नव्हतं, म्हणून तोंडातून पूर्ण आलं.

टाकीतलं पाणीही माझंच आहे, ते मी परत देणार नाही. मी स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं होतं आणि तो हो खरा होता. दोन्ही कसं खरं असेल ते पाळकसाहेबांना सांगता येत नाही, तुला येईल असं वाटत नाही, मला तर नाहीच. तू ह्याला तुमच्या चर्चचा विजय समजू नकोस. समजलास तर मला कळवू नकोस.

पण तू अजून रविवारी बाबांच्या थडग्यावर जातोस, आईनं सांगितलं. मला इतक्या लवकर तिकडं येववणार नाही. तू जाशील तेव्हा माझं म्हणून त्यांना एवढं सांग. त्या दिवशी तुम्ही मलाच घेऊन गेला होतात.

तुझी ताई